भुवई पेन्सिलीत काढू नका

हातानं गमतीदार पात्रं काढायला निघालात, तर कागद-पेन्सिल कुठली घ्यायची हे सांगत बसत नाही. मी चार वर्षं ज्या खड्ड्यात पडून होतो, तो तेवढा दाखवतो.

माझं पहिलं पात्र म्हणजे एसटीचा ढेरपोट्या कंडक्टर, काखेत कोंबडी घेऊन तिकिटं फाडणारा. पेन्सिलीत तो झकास यायचा. डावी भुवई टोपीत शिरलेली, कोंबडी मान वाकडी करून उतारू मोजतेय. मग वॉटरप्रूफ काळी शाई घेऊन, श्वास रोखून, मी त्याच रेघांवरून जायचो. शाई वाळून पेन्सिल खोडली की कंडक्टर आधार कार्डावरच्या फोटोसारखा बघत असायचा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळवलेला मी, चूक सापडेना. कागद बदलला, महागडी निब मागवली.

चूक एवढीच, की मी गिरवत होतो. बालवाडीत पाटीवर 'ग' गिरवतात तसं. गिरवताना लक्ष खालच्या रेघेवर असतं, कंडक्टरवर नसतं. हात मंदावतो आणि निब चुगली करते. दाबली की तिची दोन पाती फाकून रेघ जाड होते, सैल सोडली की बारीक. भीतभीत ओढलेल्या रेघेत जाडबारीक उरत नाही, नुसती थरथर. म्हणून पेन्सिलीत डोकं कुठे, पोट कुठे, कोंबडी कुठे, एवढंच ठरवा. भुवई थेट शाईत, एका झटक्यात. पहिल्या पन्नास वाया जातील, जाऊ द्या. पुन्हा सांगतो, कारण तुम्ही ऐकणार नाही: भुवई पेन्सिलीत काढू नका. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठवा. 1951 पासून तोंडातून शब्द नाही, सगळा कारभार चष्म्यावर चढलेल्या भुवयांचा.

त्याच लक्ष्मणना मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश नाकारला होता, हे सांत्वन तुम्हालाही कुणीतरी ऐकवेलच. नकारानंतरही ते काढत राहिले, हा भाग मात्र गाळतात.

क्लासचं म्हणाल, तर एका सरांनी सहा महिन्यांची फी घेऊन 'तुझी शैली शोध' एवढंच सांगितलं. शैली काय हरवलेली छत्री आहे? त्यापेक्षा दुकानांच्या पाट्या रंगवणारे आमच्या गल्लीतले काका बरे. माझा हात बघून म्हणाले, "मनगट टेकवून किती लांब जाशील, बाळा?" त्या दिवसापासून रेघ कोपरातून ओढतो.

टॅबलेट वाईट नाही. पण अन्डू, म्हणजे मारलेली रेघ मागे घ्यायची सोय, हाताशी असली की एकच रेघ चाळीसदा मारून आपण सगळ्यांत गुळगुळीत तेवढी ठेवतो. शिकताना तरी नको.

आणि नोकरी सोडू नका. एका दिवाळी अंकानं माझी आठ चित्रं छापली आणि मानधन म्हणून अंकाची एक प्रत पाठवली. तीही पावसात भिजलेली.

पण परवा भाचीनं नवा कंडक्टर पाहिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "मामा, कोंबडीचं तिकीट अर्धं की पूर्ण?"