वाद मूळ मुद्द्यावर कसा ठेवावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भांडणाला पाय फुटायला वेळ लागत नाही. सुरुवात होते बसमधल्या सुट्ट्या पैशांवरून. तिसऱ्या वाक्याला भाषा येते, चौथ्याला गाव, आणि मग ‘तुमची लोकं असलीच’. सुटे पैसे तोवर कुणाच्या लक्षातही नसतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा पट्टा आजच्या कर्नाटकाकडं गेला, तेव्हाचा सल अजून निवलेला नाही, त्यामुळे साध्या बोलाचालीलाही तो येऊन चिकटतो. म्हणून नीट उत्तर देणं म्हणजे गोड बोलणं असं मी तरी मानत नाही. वाद ज्या गोष्टीचा आहे त्याच गोष्टीचा राहिला, की अर्धं काम झालं.

पहिली पायरी : वाद नेमका कशाचा, ते एका वाक्यात मांडा

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे या कारखान्यांच्या भागातला नेहमीचा प्रसंग घ्या. फाउंड्रीतून, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यातून, आलेलं कास्टिंग (ओतीव तुकडा) मशीन शॉपमध्ये कातायला लागतं, वरचा थर निघतो आणि आत ब्लोहोल, म्हणजे पोकळ भोक, दिसतं. मशीन शॉपवाला म्हणतो, “माल खराब.” फाउंड्रीवाला म्हणतो, “आमच्याकडून चांगला गेला होता.” दोघंही आपापल्या परीनं खरंच बोलत असतात. साच्याच्या वाळूत ओल राहिली, तिची वाफ ओतलेल्या धातूत अडकली, तर ती पोकळी बाहेरून दिसत नाही. कातल्यावरच उघडी पडते. पण आवाज चढतो तो त्या भोकावरून नव्हे. तुकडा बदलून मिळेल हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यावर गेलेला मशीनचा वेळ आणि झिजलेलं टूल कुणाच्या खात्यावर टाकायचं, हा खरा प्रश्न. तो कुणी तोंडातून काढत नाही, आणि मग ‘तुमच्या पोरांचं कामात लक्षच नसतं’ इथपर्यंत गाडी जाते.

अशा वेळी सरळ म्हणावं, “अण्णा, पीस तुम्ही बदलून देताय, त्यावर आपलं दुमत नाही. मशीनिंगचा खर्च कसा धरायचा, तेवढंच आज ठरवूया.” जिथं एकमत आहे ते आधी बोलून मोकळं व्हावं. समोरच्याला आपण सगळंच नाकारत नाही हे कळलं, की त्याचे खांदे जरा खाली येतात.

बोलायची जागाही बघा. चालू मशीनपाशी सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून सांगितलेली साधी गोष्टही दमदाटीसारखी लागते. शिवाय आजूबाजूला कामगार उभे असले की माघार घेणं कुणालाच जमत नाही. “चला, चहा घेऊया” म्हणून बाहेर न्यावं. तुकडा आणि मालाबरोबर आलेला चलनाचा कागद मात्र बरोबर घ्या, नाहीतर चहा होतो आणि विषय तिथंच राहतो.

दुसरी पायरी : त्याचं म्हणणं त्यालाच परत सांगा

“म्हणजे मालाचा लॉट उशिरा आल्यामुळं तुमची ऑर्डर अडली, असंच ना?” एवढं विचारायचं. त्यात आपली टीका मिसळायची नाही. ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण…’ हे मात्र टाळा. त्यातला ‘पण’ ऐकू आला की आधीचं सगळं पुसलं जातं. त्याऐवजी आपली अडचण वेगळं वाक्य करून सांगा.

तिसरी पायरी : हाक आणि भाषा सांभाळा

‘तुम्ही’वरून ‘तू’वर उतरलात की पुढचं काही ऐकलं जात नाही. वयानं लहान असलेल्या सुपरवायझरला एरवी ‘अरे’ म्हणत असाल, तरी वादात ‘अहो’ म्हणा. कन्नड बोलणाऱ्याशी मोडकंतोडकं का होईना, आदराचा ‘री’ लावून बोललं तर फरक पडतो. “स्वल्प निधान हेळ्री”, म्हणजे जरा सावकाश सांगा, एवढं आलं तरी पुरे. आपल्या शब्दाचा भलता अर्थ निघालाय असं वाटलं तर “तप्प तिळकोब्याडरी” म्हणावं, गैरसमज नसावा. यानं आपली मराठी कमी होते असं समजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

समोरच्यानंच भाषेवर गाडी नेली तर? तिकडं जाऊ नका. “ते आपण पुन्हा कधी बोलू. आत्ता माझं बिल बघूया.” तेच वाक्य पुन्हा शांतपणे म्हणा. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, कारखान्याच्या एकाच खात्यात कुणी राज्योत्सवाचा लाल-पिवळा बिल्ला लावून येतो, तर कुणाच्या मनात सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिवस असतो. महाराष्ट्रानं केलेला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; तो जेवणाच्या सुट्टीत निकाली निघायचा नाही. मत आहे ते ठेवावं. विचारलंच तर एकदा सांगावं आणि डबा उघडावा.

चौथी पायरी : समोरच्याच्या हातात काय आहे, ते ओळखा

सरकारी खिडकीवर हे फार उपयोगी पडतं. तिथं बसलेल्या माणसानं नियम केलेला नसतो आणि त्याला तो बदलताही येत नाही. मराठीतला अर्ज घेत नाही म्हणाला, तर त्याच्या अंगावर जाऊन काही साधत नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. उत्तरही त्याच भाषेत मिळेल असं ते कलम म्हणत नाही, हेही ध्यानात ठेवा. म्हणून विचारायचं असं : “साहेब, हा घ्यायचा की नाही हे कोण ठरवतं? त्यांच्याकडं जातो मी.” त्याची सुटका होते, आपल्यालाही पुढची खिडकी कळते. ती कळल्यावर अर्ज मागं घ्यायचा नाही.

घरात आणि ग्रुपवर

भाऊबंदकीत वाटणीचा विषय लग्नात किंवा दिवसकार्यात निघतो, कारण सगळे एकत्र येतात तेव्हाच. तिथं उत्तर द्यायचं नाही. “काका, तुमचं ऐकलं. रविवारी उतारा समोर ठेवून बसूया,” म्हणून तारीख घ्यावी. बहिणीच्या हिश्शाचा प्रश्न असेल तर आवाजाचा काही उपयोग नाही. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क दिलाय. वकिलाला विचारा, घरात चढ्या आवाजात कायदा सांगू नका.

गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी टोमणा मारला, तर ग्रुपवर एकच ओळ : “फोन करतो.” आणि खरंच करा. रात्री जेवणानंतर लिहिलेला लांबलचक खुलासा सकाळी वाचून बघा, बहुतेक पाठवावासा वाटत नाही.

नाही म्हणायचं असेल तेव्हा

सांभाळून बोलणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. “हे मला जमणार नाही. दुसरं काय करता येईल ते सांगतो,” असं आधी नकार देऊन मग पर्याय सांगावा. उलट क्रमानं सांगितलं, की नकार ऐकलाच जात नाही. शिवीगाळ झाली, अंगावर कुणी धावून आला, तर मुद्दा संपला, तिथून निघा. कामाच्या ठिकाणचं असेल तर तारीख, वेळ आणि कोण हजर होतं ते लिहून वरिष्ठांकडं द्या.

अडलंच तर

मध्यस्थ घ्यायचा तो दोघांशी धंदा किंवा नातं असलेला, आणि दोन्ही भाषा समजणारा. त्याला सगळी जुनी कहाणी सांगत बसू नका. पहिल्या पायरीत बांधलेलं ते एक वाक्य सांगा आणि तेवढ्यावरच त्याचं मत मागा. जे ठरेल ते त्याच बैठकीत चलनाच्या मागं लिहून दोघांच्या सह्या घ्या, कारण पुढच्या लॉटला आजचं बोलणं दोघांनाही वेगवेगळं आठवणार आहे.