गंजलेली दोन दारांची हेराल्ड घेण्यापूर्वी

अंबडजवळच्या एका शेतवस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांआड एक दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड मोटार कित्येक वर्षे उभी होती. मालकांनी ताडपत्री बाजूला केली, अख्खे बॉनेट पुढे झुकवून इंजिन उघडे केले आणि माझे मन त्या गाडीवर बसले. मात्र त्याआधीच्या एका खरेदीत असेच मन बसल्यामुळे माझी दोन वर्षांची बचत पत्र्याच्या कामात गेली होती, म्हणून या वेळी भाव न विचारता मी आधी गाडीखाली शिरलो. गंजलेली जुनी मोटार घेण्याजोगी आहे की नाही, हे गंज किती आहे यावरून ठरत नाही. तो कुठे आहे यावरून ठरते, आणि तो कुठे आहे हे उभ्याने कधीच दिसत नाही.

अस्सल विलायती स्पोर्ट्स मोटार मराठवाड्यात क्वचितच हाती लागते. तिच्या सर्वांत जवळची, सामान्य हौशी माणसाला परवडण्याजोगी गाडी म्हणजे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवलेली हेराल्ड. मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाने रेखलेल्या, ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीच्या हेराल्डचीच ही भारतीय आवृत्ती होय, आणि ट्रायम्फने १९६२ मध्ये आणलेल्या स्पिटफायर या स्पोर्ट्स मोटारीची चेसिसही (म्हणजे गाडीचा भार पेलणारा खालचा लोखंडी सांगाडा) हेराल्डच्याच चेसिसवरून बेतलेली आहे. तरीही दोघींचा गंज सारखा मोजता येत नाही. हेराल्डला स्वतंत्र चेसिस असून तिचे बाजूचे दांडे दारांखालपर्यंत पोहोचतात, त्यामुळे दाराखालची पट्टी कुजली तरी गाडीचा भार चेसिसवरच राहतो. स्पिटफायरमध्ये ते बाहेरचे दांडे काढून टाकलेले असल्याने तीच पट्टी गाडीला ताठ ठेवण्याचे काम करते. प्रीमियर पद्मिनीला तर वेगळी चेसिसच नाही, तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. तेव्हा समोरची गाडी कोणत्या बांधणीची आहे, हे घरून निघण्यापूर्वीच माहीत असले पाहिजे.

सोबत जॅक, दोन भक्कम स्टँड, चांगला टॉर्च, छोटे चुंबक, टोच्या आणि लाकडी मुठीचा पेचकस असावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. टोच्या मारण्यापूर्वी मालकांची परवानगी घ्यावी. ती मिळाली नाही, तर जे तपासता आले नाही ते खराबच आहे असे धरून भाव बोलावा.

आपल्याकडच्या कोरड्या हवेचा या गाड्यांना मोठा आधार आहे. मुंबईत किंवा कोकणात खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीपेक्षा बीड-जालन्याकडची गाडी सहसा जास्त शाबूत सापडते. पण येथील गंजाच्या जागा वेगळ्या आहेत. चाकांनी उडवलेली काळी माती मडगार्डच्या आतल्या कंगोऱ्यांत जाऊन बसते, ती पाणी धरून ठेवते, आणि बाहेरचा पत्रा उन्हात तापत असताना आतला पत्रा दिवाळीपर्यंत ओला राहतो. म्हणून मडगार्डच्या आत हात घालून मातीची ढेकळे काढावीत आणि मगच टोच्या लावावा. शेडची जमीन मातीची आहे का आणि गाडीशेजारी खताची पोती रचलेली होती का, हेही विचारावे. पोटॅशसारख्या खतात क्लोराइड असते आणि ओलाव्याबरोबर ते पत्रा झपाट्याने खाते. अंबडच्या गाडीची पोत्यांकडची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा उघडउघड वाईट होती.

आता चेसिस. हेराल्डच्या मधल्या दोन मुख्य दांड्यांवर पुढून मागे पेचकसाच्या मुठीने ठोकत जावे. निकोप लोखंड टणत्कार करते. कुजलेले लोखंड ओल्या लाकडासारखा बद्द आवाज देते. आवाज बदलला की तिथेच थांबून टोच्या दाबावा. मागे डिफरन्शियलच्या (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) आसपास अधिक वेळ द्यावा, कारण तिथे मुख्य दांड्यांवर मागच्या चाकांचा सगळा ताण येतो, तिथे घाण साठते आणि तिथली दुरुस्ती बॉडी उतरवल्याशिवाय नीट होत नाही. गंजाचा थर मूळ लोखंडापेक्षा कितीतरी फुगतो, त्यामुळे जाड खपली पाहून लगेच घाबरू नये. खपली पाडावी आणि खाली धातू लागतो की टोच्या आरपार जातो ते पाहावे. अंबडच्या गाडीत बाजूच्या आधाराचे दोन दांडे बोटांनी दाबताच चुरा झाले, पण मुख्य दांड्यांवर इंजिनातून वर्षानुवर्षे गळलेल्या तेलाचा काळा, चिकट लेप होता. तो कापडाने पुसल्यावर खाली लोखंड अगदी साबूत निघाले. बाजूचे दांडे नवे बसवता येतात. मुख्य दांडे डिफरन्शियलपाशी कुजलेले असते, तर मी तिथूनच परतलो असतो.

त्यानंतर दारे. दोन्ही दारे उघडून-मिटून फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहावे, मग मधल्या भागाला जॅक देऊन किंचित उचलावे आणि त्याच फटी पुन्हा पाहाव्यात. स्वतंत्र चेसिस नसलेल्या गाडीत फट उचलताना आवळली किंवा दार अडकले, तर सांगाडा वाकतो आहे हे निश्चित समजावे. हेराल्डची बॉडी बोल्टांनी जोडलेल्या तुकड्यांची असल्याने फटींमधला थोडा फरक जुळवणीचाही असू शकतो. पायाखालच्या मॅट उचलून फ्लोअर आणि स्पेअर चाकाखालचा डिकीचा तळही तपासावा.

ताजा रंग मारलेल्या गाडीपासून मी सर्वांत जास्त सावध राहतो. माझी पहिली जुनी गाडी चकचकीत लाल रंगात आली होती. विकणाऱ्याने फक्त रंगकामच दाखवले आणि मीही तेवढेच पाहिले. सहा महिन्यांत मागच्या मडगार्डवर रंगाला फोड आले आणि एक दिवस तळहाताएवढी पुट्टीची लादी गळून पडली, तर मागे पत्र्याऐवजी रंगात बुडवलेले गोणपाट होते. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून मडगार्डच्या कडा, दारांचे खालचे काठ आणि दिव्यांभोवतीचा भाग यांवरून फिरवले असते, तर हे एका मिनिटात कळले असते. रंगाचा फोड ही गंजाची सुरुवात नसते. बहुतेक वेळा पत्रा आतून खाल्ला गेलेला असतो आणि फोड ही शेवटची पायरी असते. खाली नव्याने फासलेल्या डांबराचा अर्थही असाच घ्यावा.

यंत्राच्या बाबतीत या गाडीच्या दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पुढच्या चाकांच्या खालच्या पितळी ट्रनियनमध्ये (चाक ज्यावर वळते त्या आट्याच्या सांध्यात) ग्रीस नव्हे, तर नव्वद नंबरचे गिअर ऑईल भरायचे असते. ग्रीस भरलेल्या ट्रनियनमध्ये पाणी शिरते, आतला लोखंडी आटा गंजतो आणि चालत्या गाडीचे चाक आत दुमडू शकते. दुसरे, एकाला क्लच दाबायला सांगून आपण इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे पाहावे. ती डोळ्यांना दिसेल एवढी पुढे सरकत असेल, तर क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेले आहेत आणि क्रँकशाफ्टलाही इजा झालेली असू शकते. इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नये. स्पार्क प्लग काढून भोकांतून डिझेल व इंजिन ऑईल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवावे. इंजिन मूळचेच आहे ना, हे पाहण्यास विसरू नये, कारण या वयाच्या गाड्यांत दुसरे इंजिन बसवलेले अनेकदा आढळते.

पत्र्यापेक्षा मला हरवलेल्या वस्तूंची जास्त धास्ती वाटते. वाळूज-चिकलठाण्याच्या परिसरात पत्रा वाकवणारे, लेथवर आटे काढणारे कुशल कारागीर आहेत. अठरा किंवा वीस गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा नेऊन दिला आणि जुना तुकडा नमुना म्हणून ठेवला, तर ते नवा तुकडा हुबेहूब काढून देतात. (जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू देऊ नये, वेल्डिंग करताना त्याचा धूर विषारी असतो.) पुढची काच, दिव्यांच्या कड्या, क्रोमच्या पट्ट्या, नावाचे बिल्ले आणि डॅशबोर्डचे मीटर मात्र कोणी घडवून देत नाही. गंज जास्त पण सामान पूर्ण, अशी गाडी मी नेहमी पुढे धरतो.

कागदपत्रांचे काम अंगावर घेण्यापूर्वी दोन वेळा विचार करावा. आरसी बुकावरचा चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि जुनी नोंद आता संगणकावर आहे का, हे आरटीओत विचारावे. गाडी आजोबांच्या नावावर असेल, तर हस्तांतर फॉर्म ३१ ने होते आणि इतर वारसांची संमती लागते. ती संमती तोंडी न घेता लेखी घ्यावी. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते: नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत अशी अट आहे. म्हणजे चेसिस किती कुजली आहे, हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. मूळ चेसिस टिकवून दुरुस्ती करता येईल का, हे आधीच पाहावे आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवावेत.

भाव बोलताना मी डेंटरला, म्हणजे पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला, सोबत नेतो आणि पत्र्याचे, रंगाचे, यंत्राचे व काचांचे असे चार आकडे वेगवेगळे लिहून घेतो. रंग खरवडल्यावर पत्र्याचा आकडा वाढतोच, म्हणून त्याच्या निम्म्याएवढी जादा रक्कम बाजूला धरतो. या हिशोबाने अंबडच्या गाडीला मी मालकांनी मनात धरलेल्या रकमेपेक्षा बरीच कमी रक्कम सांगितली, आणि का सांगितली हे त्यांना गाडीखाली नेऊन दाखवले. त्यांनी ते दोन चुरा झालेले दांडे स्वतः हाताने दाबून पाहिले, चार दिवसांनी फोन केला आणि त्याच रकमेला गाडी दिली. ब्रेक पूर्ण जाम असल्याने ती ओढून न आणता सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून आणली. हरवलेला एक बिल्ला निघताना शेडमधल्या खताच्या पोत्यांखाली सापडला.