कॉलेज फुटबॉलच्या कॉन्फरन्सचा ‘जर-तर’ इतिहास लिहिताना या चुका टाळा

‘आर्कान्सा विद्यापीठाने १९९० साली साउथवेस्ट कॉन्फरन्स सोडलीच नसती तर?’ कॉन्फरन्स म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांची संघटना. अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा पर्यायी इतिहास लिहायला बसलेला माणूस आज ना उद्या या प्रश्नाशी येऊन थांबतो. उत्तरही बहुधा ठरलेलं असतं: आर्कान्सा राहिलं, म्हणून टेक्सास विद्यापीठ राहिलं, म्हणून कॉन्फरन्स आजही सुखरूप. हे वाचायला गोड वाटतं, पण दोन प्रश्न विचारले की कोसळतं.

कोसळतं, कारण लिहिणारा नकाशा समोर ठेवून विद्यापीठं इकडची तिकडे सरकवतो. कॉन्फरन्सचा कारभार नकाशावर चालत नाही. पर्ड्यूला किंवा टेक्सास ए अँड एमला शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना शनिवारचं भरलेलं स्टेडियम ओळखीचं असतं, पण त्यामागची व्यवस्था समजायला आपल्याकडची सहकारी संस्था आठवावी. सभासद असतात, ठराव असतो, ठरावाला किती मतं लागतात ते उपविधीत लिहिलेलं असतं, बाहेर पडायचं तर नोटीस आणि भरपाई असते. वरून कुणी विद्यापीठांची वाटणी करत नाही. म्हणून तुमच्या कथेतल्या प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारा: हा ठराव कुणी मंजूर केला, आणि त्यात त्यांचा काय फायदा होता?

फाटा एक, पण कारणं तीन

फाटा म्हणजे तुमची कथा खऱ्या इतिहासापासून जिथे वेगळी होते ती जागा. आर्कान्साचंच उदाहरण घेऊ. १९१५ साली खेळ सुरू झाल्यापासून ते साउथवेस्ट कॉन्फरन्सचं सभासद होतं, आणि शेवटी शेवटी नऊ सभासदांमधलं टेक्सासबाहेरचं एकमेव. ऑगस्ट १९९० मध्ये त्यांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये जाण्याचं जाहीर केलं. समजा, क्रीडा संचालक फ्रँक ब्रॉयल्स यांचं मन बदललं आणि ते राहिले. तरी काय उरतं ते पाहा.

याच कॉन्फरन्समधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठावर फेब्रुवारी १९८७ मध्ये सर्वांत कडक शिक्षा झाली होती. खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याबद्दल १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला आणि १९८८ चा विद्यापीठाने स्वतःच सोडला. त्या दशकात कॉन्फरन्सच्या इतर सभासदांवरही कारवाया झाल्या. एका राज्यापुरता प्रेक्षक ही अडचण आर्कान्सा राहिल्याने फारशी सुटत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकणाऱ्या कॉलेज फुटबॉल असोसिएशनचा करार १९९५ च्या हंगामाबरोबर संपणार होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये साउथईस्टर्नने सीबीएस या टीव्ही वाहिनीशी स्वतंत्र करार केला आणि उरलेल्यांना आपापली सोय पाहावी लागली. त्याच महिन्यात टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर यांनी साउथवेस्ट सोडून बिग एट या दुसऱ्या कॉन्फरन्सची वाट धरली आणि १९९६ पासून ती बिग १२ म्हणून मैदानात उतरली.

म्हणजे साउथवेस्ट वाचवायची असेल तर नुसतं आर्कान्साला थांबवून भागत नाही. एकतर १९८० च्या दशकातल्या शिक्षा टाळणारा फाटा आधी शोधा, किंवा १९९४ मध्ये सीबीएसच्या जागी वेगळा करार उभा करा. दोन्ही जमत नसेल तर कॉन्फरन्स चार-पाच वर्षं उशिरा मरते, एवढंच लिहा. तेही प्रामाणिक आणि वाचनीय होतं.

टीव्हीचा पैसा चुकीच्या दशकात

या चुकीने चांगल्या चांगल्या कथा वाया जातात. १९६५ किंवा १९७५ मध्ये एखादं विद्यापीठ ‘टीव्हीच्या कराराच्या मोहाने’ कॉन्फरन्स बदलतं, असं दाखवलेलं असतं. तेव्हा तसा मोह नव्हताच. एनसीएए ही राष्ट्रीय संघटना हक्क स्वतःच्या हातात ठेवून होती. तिच्या शेवटच्या योजनेत कुठल्याही संघाला दोन वर्षांत मिळून सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर येता येत नव्हतं. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूने लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जून १९८४ रोजी, सात विरुद्ध दोन मतांनी, ही मक्तेदारी मोडली. (विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडोचे नावाजलेले फुटबॉलपटू होते.)

तेव्हा फाटा १९८४ च्या आधीचा असेल तर स्थलांतराचं कारण दुसरं हवं, आणि खरी कारणं भरपूर आहेत. १९६४ मध्ये जॉर्जिया टेक साउथईस्टर्नमधून बाहेर पडलं ते शिष्यवृत्तीच्या वादावरून. फुटबॉल आणि बास्केटबॉल मिळून १४० खेळाडूंची मर्यादा होती. दरवर्षी भरमसाठ मुलं घ्यायची आणि न जमणाऱ्यांना हाकलून जागा रिकामी करायची, ही पद्धत प्रशिक्षक बॉबी डॉड यांना मान्य नव्हती. तो वाद त्या साली मिटला असता तर? हा फाटा छोटा आहे, खरा आहे आणि टीव्हीशिवाय चालतो.

वर्णभेद पुसून टाकणं

१९५० च्या दशकात उत्तरेकडच्या बिग टेन कॉन्फरन्सचे आणि दक्षिणेकडच्या साउथईस्टर्नचे संघ एकत्र आणून भव्य कॉन्फरन्स उभारणाऱ्या कथा सापडतात. मग कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ मिसिसिपीत कसा खेळला, याचं उत्तर द्यावं लागेल. पिट्सबर्गच्या संघात कृष्णवर्णीय बॉबी ग्रायर असल्यामुळे जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी जॉर्जिया टेकला ‘शुगर बोल’ या हंगामाअखेरच्या सामन्यापासून रोखायचा प्रयत्न केला, ते साल १९५५. लुइझियानाने मिश्र वर्णाच्या सामन्यांवर कायद्याने बंदी आणली १९५६ मध्ये. साउथईस्टर्नमध्ये पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू, केंटकीचा नेट नॉर्दिंग्टन, खेळला १९६७ मध्ये. हे बाजूला ठेवून दक्षिणेतल्या कॉन्फरन्सचा इतिहास लिहिणं हा त्या मुलांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. फाटा १९६७ च्या आधीचा असेल तर ‘कोण खेळू शकत होतं’ हा रकाना टिपणात हवाच.

गणित न मांडता सभासद वाढवणं

लक्षण ओळखीचं आहे: कथेत ‘१३ संघांची कॉन्फरन्स, प्रत्येकाचे ९ अंतर्गत सामने’ असं लिहिलेलं असतं. असं वेळापत्रक बनतच नाही. संघांची संख्या गुणिले प्रत्येकाचे सामने, भागिले दोन, हे उत्तर पूर्णांक यायला हवं. १३ गुणिले ९ म्हणजे ११७, त्याचे निम्मे साडेअठ्ठावन्न. अर्धा सामना कोण खेळणार? नियम सोपा आहे: संघ विषम असतील तर सामने सम ठेवा. पेन स्टेट आल्यावर बिग टेनमध्ये ११ संघ होते, तेव्हा प्रत्येकी ८ सामने, एकूण ४४, हे जमलं.

पण जमलं म्हणजे गोंधळ संपला असं नाही. १० प्रतिस्पर्ध्यांपैकी ८ जणांशीच गाठ पडायची, दोघे दरवर्षी सुटायचे. २००२ मध्ये ओहायो स्टेट आणि आयोवा दोघंही कॉन्फरन्समध्ये ८-० राहिले आणि एकमेकांशी खेळलेच नाहीत. विजेतेपद वाटून घ्यावं लागलं. तुमच्या ११ संघांच्या काल्पनिक कॉन्फरन्समध्ये वीस वर्षांत असं एकदाही घडत नसेल, तर तुम्ही वेळापत्रक मांडलेलं नाही हे जाणकार लगेच ओळखतो.

दोन गट केले तर वेगळी गंमत होते. १४ संघ, सात-सातचे गट, ८ सामने: गटातले ६, पलीकडच्या गटातला एक कायमचा प्रतिस्पर्धी, आणि एकच फिरती जागा. पलीकडचे सहा संघ त्या एका जागेतून फिरवायचे आणि घरचा-बाहेरचा दोन्ही सामने द्यायचे तर एक फेरी पुरी व्हायला १२ वर्षं लागतात. टेक्सास ए अँड एम २०१२ मध्ये साउथईस्टर्नमध्ये आलं. जॉर्जियाशी त्यांचा कॉन्फरन्समधला पहिला सामना झाला नोव्हेंबर २०१९ मध्ये, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सला. म्हणून १४ संघांच्या कथेत ‘दरवर्षी रंगणारं नवं वैर’ लिहिण्याआधी ते दोघे एकाच गटात आहेत का, ते बघा.

हंगामाची लांबीही काळानुसार बदला. १९७० च्या आधी साधारण १० सामने, १९७० पासून ११, आणि २००६ पासून कायमचे १२. दहा सामन्यांच्या काळात ९ अंतर्गत सामने ठेवले तर बाहेरच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यासाठी एकच शनिवार उरतो. टेक्सास-ओक्लाहोमासारखी परंपरा त्यात बसवली की संपलं.

अंतिम सामन्याचा नियम तर हमखास विसरला जातो. १२ सभासद आणि दोन गट असतील, तरच हंगामाच्या मर्यादेबाहेर जादा अंतिम सामना खेळता येत असे. हा नियम १९८७ मध्ये खालच्या स्तरावरच्या पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉन्फरन्ससाठी आला होता. साउथईस्टर्नने तो पकडला आणि १९९२ मध्ये पहिला अंतिम सामना भरवला: बर्मिंगहॅममध्ये अलाबामा २८, फ्लोरिडा २१. १० संघांना ही मुभा मिळाली २०१६ मध्ये, आणि गटांची अट गेली २०२२ मध्ये. १९९५ साली १० संघांची कॉन्फरन्स अंतिम सामना खेळताना दाखवायची असेल, तर तो त्यांच्या ११ सामन्यांत मोजा.

प्रवेशाचं साल आणि खेळाचं साल एकच धरणं

मिशिगन स्टेट बिग टेनमध्ये आलं १९४९ मध्ये, कॉन्फरन्सचं फुटबॉल खेळलं १९५३ पासून. टेक्सास टेक साउथवेस्टमध्ये १९५६ आणि १९६०. जॉर्जिया टेक अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एसीसी) १९७८ आणि १९८३. पेन स्टेट बिग टेनमध्ये १९९० आणि १९९३. फुटबॉलचे सामने बऱ्याच वर्षांसाठी आधीच ठरलेले असतात, म्हणून हे अंतर पडतं. टिपणात दोन वेगळे रकाने ठेवा आणि मध्ये किमान एक, जुन्या काळात तीन-चार हंगाम सोडा.

एक मत बदललं, तर नेमकं काय बदललं?

१९८२ मध्ये पेन स्टेटने बिग ईस्ट कॉन्फरन्सचं दार ठोठावलं. आठ सभासदांपैकी सहांची मतं हवी होती, मिळाली पाच. एका मताचा हा फाटा इतका मोहक आहे की लिहिणारे पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग, सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, रटगर्स सगळ्यांना घेऊन पूर्वेकडची फुटबॉल महासत्ता उभी करतात.

सावकाश घ्या. १९८२ ची बिग ईस्ट बास्केटबॉलसाठी जन्मलेली होती. मत देणाऱ्या त्या आठांपैकी वरच्या स्तरावरचं फुटबॉल सिरॅक्यूज आणि बोस्टन कॉलेज एवढ्याच दोघांकडे होतं. ते एक मत मिळतं तर पेन स्टेटच्या बास्केटबॉलला घर मिळतं आणि फुटबॉल स्वतंत्रच राहतं. खऱ्या इतिहासात बिग ईस्टचं फुटबॉल १९९१ मध्ये, मायामीला घेऊन सुरू झालं. तुमच्या इतिहासात ते थोडं आधी येऊ शकतं, पण १९८४ च्या निकालानंतरच. खरी मजा पुढे आहे: बिग टेन १९९० मध्ये दहाचीच राहते. मग ती कुणाकडे वळते, आणि तिथे मतदान कसं होतं? कथा इथे जास्त वेळ थांबायला हवी.

मतांचे आकडे हाताशी ठेवा. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया आणि सदर्न मेथडिस्टला घेण्यासाठी एसीसीला १५ पैकी १२ मतं लागत होती. फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलायना विरोधात होते. नॉर्थ कॅरोलायना स्टेटने बाजू बदलली म्हणून ठराव तरला.

राज्यकर्ते आणि भरपाई वगळणं

सरकारी विद्यापीठाला विधिमंडळ विचारतंच. १९९४ मध्ये टेक्सासचे लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक, टेक्सास टेक आणि बेलर दोन्हींचे पदवीधर, त्या दोघांना मागे ठेवू द्यायला तयार नव्हते. २००३ मध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर मार्क वॉर्नर यांनी आपल्या राज्यातल्या विद्यापीठावर दबाव आणला आणि एसीसीच्या यादीत सिरॅक्यूजच्या जागी व्हर्जिनिया टेक आलं. ‘टेक्सास एकटंच पॅसिफिक कॉन्फरन्सला गेलं’ असं लिहायचं तर बुलक यांची समजूत कशी काढली, तेही लिहा.

बाहेर पडण्याची किंमत काळाप्रमाणे ठेवा. मेरीलँडकडे एसीसीने ५.२ कोटी डॉलर मागितले, तडजोड सुमारे ३.१ कोटींवर झाली. वेस्ट व्हर्जिनियाने २७ महिन्यांची नोटीस टाळण्यासाठी २ कोटी मोजले. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी एक वर्ष आधी सुटण्यासाठी मिळून १० कोटी सोडले. असे आकडे १९७० च्या कथेत घातले तर हास्यास्पद होतील. २०१३ नंतरच्या कथेत ते नसतील, तर कुणी हललंच कसं हे कळत नाही. एसीसीच्या सभासदांनी त्या साली आपले प्रक्षेपण हक्कच कॉन्फरन्सच्या नावे लिहून दिले होते.

आजची ताकद मागे नेणं

फ्लोरिडा स्टेट १९४७ पर्यंत मुलींचं कॉलेज होतं. बॉइसी स्टेट वरच्या स्तरावर आलं १९९६ मध्ये. सेंट्रल फ्लोरिडाचं फुटबॉल सुरूच झालं १९७९ मध्ये. उलट शिकागो विद्यापीठ बिग टेनचं संस्थापक, आणि त्याने १९३९ मध्ये फुटबॉल बंद केलं. १९५० ची यादी करताना त्या सालचा संघ बघा.

मागे राहिलेल्यांना विसरणं

चार टेक्सासी विद्यापीठं गेल्यावर राइस, टेक्सास ख्रिश्चन आणि सदर्न मेथडिस्ट वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये गेले, तिथली संख्या १६ झाली आणि तीनच हंगामांनंतर, १९९९ मध्ये, आठ जण फुटून वेगळे झाले. ह्यूस्टन दुसरीकडेच गेलं. जर-तर इतिहासात अशी उरलेली विद्यापीठं अनेकदा हवेत विरून जातात. प्रत्यक्षात नाव, शिल्लक निधी आणि मतदानाचा हक्क त्यांच्याकडे उरतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ कॉन्फरन्समधून २०२४ मध्ये दहा जण बाहेर पडले. मागे राहिलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटने त्याआधीच कोर्टात जाऊन मंडळाचा ताबा मिळवला होता. आठपेक्षा कमी सभासद असले तरी दोन वर्षांची सवलत मिळते, तिचा आधार घेतला आणि माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सच्या संघांशी सामने लावून हंगाम भरला. तुमच्या कथेत एखादी कॉन्फरन्स फुटली की जाणाऱ्यांच्या यादीशेजारी राहणाऱ्यांची यादी करा, आणि प्रत्येकापुढे लिहा: पुढच्या सप्टेंबरात यांचे अकरा किंवा बारा सामने कुणाशी आहेत.