ट्रेलवर बॅटरीने वेल्डिंग करताय? या चुका टाळा

मुळशीकडच्या डोंगरात किंवा गोव्याच्या लाल चिखलात शॉकचा (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) ब्रॅकेट तुटला, की वेल्डिंगच्या दुकानापर्यंत गाडी न्यायची कशी हाच पहिला प्रश्न असतो. म्हणून ऑफ-रोडिंगच्या बऱ्याच ग्रुपमध्ये एखाद्या गाडीत होल्डर (रॉड पकडायचा चिमटा), केबल आणि वेल्डिंगच्या रॉडचं पाकीट ठेवलेलं असतं. गाड्यांच्या दोन-तीन बॅटऱ्या सीरिजमध्ये, म्हणजे एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला, जोडायच्या आणि वेल्डिंगचा टाका मारायचा. पद्धत जुनी आहे, भरवशाचीही आहे. पण रॉड चिकटायला लागला की सगळे वेल्डिंग करणाऱ्याच्या हाताला दोष देतात, आणि ते मला पटत नाही. बहुतेक वेळा दोष केबलमध्ये, क्लॅम्पमध्ये किंवा बॅटऱ्या जोडण्याच्या पद्धतीत असतो. तो घरच्या अंगणात, जुन्या लोखंडावर दोन रॉड जाळले तरी सापडतो. तेवढं न करता थेट डोंगरात किट उघडणं ही सगळ्यांत मोठी चूक.

बॅटऱ्या गाडीतच ठेवून जोडणं

घाईत बॉनेट उघडून दोन गाड्या जंपर केबलने जोडल्या जातात. हे फार धोक्याचं आहे. गाडीची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये आल्या, की एका गाडीची बॉडी दुसरीपेक्षा १२ व्होल्ट वर जाते. मग बंपरला बंपर लागला किंवा दोघींमध्ये विंचचा स्टीलचा दोर असला, तर थेट शॉर्ट. शिवाय आजच्या थार किंवा जिम्नीमधला ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असले प्रयोग सहन करेलच असं नाही.

बॅटऱ्या बाहेर काढा आणि वेल्डिंगच्या जागेपासून निदान तीन मीटरवर लाकडी फळीवर किंवा रबर मॅटवर ठेवा. ज्या गाडीवर काम करायचं, तिचीही बॅटरी सोडवा, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. एअरबॅग असेल तर नंतर काही मिनिटं थांबा. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर बॅटरी त्यातून शेकडो अँपिअर सोडते.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटऱ्यांमधल्या जोडण्या आधी पक्क्या करा, होल्डर रिकामा आणि कोरड्या जागी ठेवा, आणि अर्थचा, म्हणजे परतीच्या केबलचा, क्लॅम्प गाडीच्या लोखंडाला सगळ्यांत शेवटी लावा. ठिणगी पडायचीच असेल, तर ती बॅटरीपासून लांब पडू दे.

दोनच बॅटऱ्यांवर भागवणं

पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. दोन म्हणजे साधारण २५, पण ८० अँपिअर ओढायला लागलात की हा आकडा दोन-तीन व्होल्टने सहज उतरतो, आणि आर्कला, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ठिणगीला, स्वतःलाच २०-२२ व्होल्ट लागतात. हाताशी काहीच उरत नाही, म्हणून रॉड चिकटतो. पातळ पत्र्याला दोन बॅटऱ्या चालतात. ब्रॅकेट, क्रॉस मेंबर अशा जाड कामाला तीनच लावा, म्हणजे ३७-३८ व्होल्ट मिळतात.

तिन्ही शक्यतो सारख्या क्षमतेच्या आणि सारख्या वयाच्या हव्यात. एक जुनी, थकलेली असली तर ती आधी रिकामी होते आणि उरलेल्या दोघी तिच्यातून करंट ढकलत राहतात. तिचे सेल उलटे चार्ज होऊन ती कायमची जाते. आणि खिशात मावणारा लिथियम जंप स्टार्टर यात अजिबात गुंतवू नका, तो काही सेकंदांच्या धक्क्यासाठी बनवलेला असतो.

बाजारातली जंपर केबल

बहुतेक बिघाड मला इथेच दिसतात. केबल वरून जाडजूड दिसते, पण जाडी सगळी प्लास्टिकची असते. आत ६ चौरस मिलिमीटरचं तांबं धरलं आणि जाऊन-येऊन सहा मीटर लांबी धरली, तर १०० अँपिअरला पावणेदोन व्होल्ट केबलमध्येच जातात. आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनिअम असेल तर आणखी. २५ चौरस मिलिमीटरच्या खऱ्या वेल्डिंग केबलमध्ये हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. किटमध्ये खर्च करायचा तर या केबलवर करा, होल्डर साधा चालेल.

आता क्लॅम्प. एका सैल जोडणीत ०.०१ ओहम रेझिस्टन्स असला तर १०० अँपिअरला एक व्होल्ट जातो आणि तिथे १०० वॉट उष्णता तयार होते. मगरीच्या तोंडासारखे क्लॅम्प बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर दोन-चार दातांनीच टेकतात. त्याऐवजी केबलच्या टोकाला लग (भोक असलेली धातूची टोपी) दाबून बसवा आणि बोल्टने कसायचे टर्मिनल वापरा.

दोष शोधायचा सोपा मार्ग म्हणजे मल्टीमीटर. एकाने रॉड चालवायचा आणि दुसऱ्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशावर, दुसरं त्यावरच्या क्लॅम्पवर धरायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर ती जोडणी खराब. अशी एकेक जोडणी तपासत अर्थपर्यंत या. मीटर नसेल तर काम थांबवून हात जवळ न्या. जी जोडणी तापली असेल, दोष तिथेच.

अर्थसाठी रंग आणि गंज खरवडून चकचकीत लोखंड काढा, आणि क्लॅम्प तुटलेल्या भागाच्या अगदी जवळ लावा. तो लांब चेसिसवर लावलात तर करंट व्हील बेअरिंगमधून वाट काढू शकतो आणि बेअरिंगच्या पृष्ठभागावर खड्डे पाडतो.

रॉड आणि ओल

दुकानात ७०१८ नंबरचा रॉड मजबूत म्हणून गळ्यात मारतात. वर्कशॉपमध्ये तो उत्तमच आहे. पण तो अगदी कोरडा ठेवावा लागतो आणि कमी व्होल्टेजला पेटायला कुरकुरतो. ट्रेलसाठी ६०१३, २.५ मिलिमीटरचा घ्या. पावसाळ्यात पुठ्ठ्याचं पाकीट ओलं होतं आणि टाक्यात बारीक बारीक भोकं पडतात. पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याला दोन्हीकडून बूच लावून त्यात रॉड ठेवा.

बॅटरीला करंट कमी-जास्त करायचा नॉब नसतो. पत्र्याला भोक पडत असेल तर एक बॅटरी कमी करा, नाही तर होल्डर निगेटिव्हला लावा. ६०१३ दोन्हीकडे चालतो. आर्क तुटत असेल तर रॉड आणखी जवळ धरा. इथे वर्कशॉपच्या मशीनइतकं व्होल्टेज नसतं, लांब आर्क टिकतच नाही.

लिथियमवर चालणारी तयार मशीन्सही आता आहेत, फ्रोनिअसचं अ‍ॅक्युपॉकेट किंवा डीवॉल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारं ईसाबचं रेनेगेड व्होल्ट. त्यांत करंट ठरवता येतो, पण अर्थ आणि रॉडच्या चुका तिथेही तशाच भोवतात.

जिथे रॉड लावायचाच नाही

पाटे (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या) वेल्ड करू नका. स्प्रिंगचं पोलाद टाक्याशेजारी ठिसूळ होतं आणि पुढच्या दगडावर तुटतं. गॅसच्या शॉकच्या नळीला, इंधनाच्या टाकीला किंवा तिच्या शेजारी आर्क लावू नका. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने भाग पुसून त्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. वायर ब्रश आणि कोरडं फडकं पुरेसं आहे. वाकलेला टाय रॉड सरळ करून त्याला अँगल जोडता येतो, पण तो फक्त डांबरी रस्त्यापर्यंत सावकाश यायला. नंतर तो बदलाच.

गॉगल चालत नाही. १० किंवा ११ नंबरच्या काचेचं हेल्मेट घाला, आणि मीटर धरणाऱ्यालाही एक द्या. दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळतं, तेव्हा आधी जागा साफ करा आणि पाण्याचा कॅन व अग्निशामक हाताशी ठेवा.

२.५ मिलिमीटरचा एक रॉड साधारण मिनिटभर जळतो. ९० अँपिअरने दहा रॉड म्हणजे प्रत्येक बॅटरीतून १५ अँपिअर-अवर गेले, ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा पाव भाग. परत जाताना गाडी सुरू व्हायला हवी, म्हणून मधे थांबून बॅटऱ्या मोजा. थोडा वेळ विसावलेली बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवत असेल तर ती निम्मी संपली आहे. तिथेच थांबा, आणि घरी पोचल्यावर प्रत्येक बॅटरी वेगळी चार्ज करा.