आजारपणामुळे काम जमत नसेल तर: डॉक्टरकडून काय लिहून घ्यायचं आणि निर्णय कोण घेतं

आजारपणामुळे काम जमेनासं झालं की आपण नेहमीच्या डॉक्टरकडे धावतो, पण ज्या देशात नोकरी करताय तिथे निर्णय कोणाच्या हातात आहे हे आधी बघा, कारण देशागणिक हे पार बदलतं.

नेदरलँड्समध्ये तर फॅमिली डॉक्टर कामासाठी सर्टिफिकेट देतच नाहीत. कंपनीने नेमलेला डॉक्टर बघतो, पहिली २ वर्षं साधारण मालकच पगार देतो, निदान ७० टक्के, आणि मग यूडब्ल्यूव्ही ही सरकारी संस्था येते. तिचा डॉक्टर माणूस काय करू शकतो एवढंच लिहितो, पुढे डॉक्टर नसलेला एक तज्ज्ञ त्यावरून कुठली कामं जमतील नि कमाई किती घटेल ते काढतो. घट ३५ टक्क्यांच्या आत असली तर भत्ता नाही. कडक आहे, पण एकट्या डॉक्टरवर सगळं ढकलत नाहीत हे मला पटतं.

जर्मनीत हिशोब तासांचा. दिवसाला ३ तासही काम होत नसेल तर पूर्ण पेन्शन, ३ ते ६ च्या मधे असेल तर अर्धवट, आणि त्याआधी रिहॅब, म्हणजे पुन्हा काम करता यावं म्हणून उपचार नि सराव, करून बघा म्हणतात. अमेरिकेत सरकारी अपंगत्व भत्त्यासाठी आजार किमान १२ महिने टिकणारा किंवा जीवघेणा लागतो, आणि २७ मार्च २०१७ पासूनच्या अर्जांमध्ये तुमच्या स्वतःच्या डॉक्टरच्या मताला आपोआप जास्त वजन नाही, बाकी पुराव्याशी ते जुळतंय का ते तपासतात. ब्रिटनमध्ये पहिले ७ दिवस स्वतःच लिहून द्यायचं, मग फिट नोट, म्हणजे काम जमेल की नाही याची चिठ्ठी, ती २०२२ पासून नर्स आणि फिजिओही देऊ शकतात.

आता खरं महत्त्वाचं. नुसतं आजाराचं नाव कुठेच पुरत नाही! ‘कंबरेची डिस्क सरकली आहे’ एवढ्याने काही होत नाही, ‘२० मिनिटांच्या वर सलग बसता येत नाही, ५ किलो उचललं की पायात मुंग्या येतात, दुपारी तासभर आडवं व्हावंच लागतं’ असं लिहिलेलं हवं. डॉक्टरला हे आपोआप कळत नाही हो, म्हणून आठवडाभर रोज टिपून ठेवा आणि तो कागद घेऊनच जा. चांगले दिवस पण लिहा, वाढवून काही सांगू नका, तपासणीत विसंगती दिसली की खरं दुखणं पण संशयात येतं.

अर्ज फेटाळला तर पत्रावरची तारीख लगेच बघा, अपिलाला अमेरिकेत ६० दिवस, नेदरलँड्समध्ये ६ आठवडे आणि जर्मनीत १ महिनाच मिळतो.