कुटुंबासह आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून देशांतर्गत विमान गाठायचे असेल, तर या चुका टाळा

तिकीट काढताना दोन विमानांमध्ये २ तास १० मिनिटांचे अंतर दिसले की ते पुरेसे वाटते, आणि ज्या अर्थी कंपनी असे तिकीट विकते आहे त्या अर्थी ते जमतच असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आरक्षण प्रणाली केवळ त्या विमानतळासाठी ठरवून दिलेली किमान जोडवेळ पाहते. तुमच्या कडेवर झोपलेले मूल आहे, सासूबाईंना भरभर चालवत नाही आणि पट्ट्यावरून सहा बॅगा उतरवायच्या आहेत, याचा हिशेब त्या वेळेत धरलेला नसतो. प्रत्येक टप्प्यावर कुटुंबाचा वेग हा त्यातल्या सर्वांत सावकाश माणसाचा वेग असतो. शिवाय विमान चुकलेच, तर एकट्या प्रवाशाला पुढच्या विमानात एक रिकामी जागा पुरते, पण पाच जणांना एकाच विमानात पाच जागा मिळवाव्या लागतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या दोन गोष्टी विसरण्यात आहे.

वेळेचा हिशेब सुटण्याच्या वेळेपर्यंत करणे

समजा, तुमचे आंतरराष्ट्रीय विमान दुपारी २.०५ ला पोहोचते आणि पुढचे ४.१५ ला सुटते. सव्वाचारचे विमान म्हणजे सव्वाचारपर्यंत वेळ, असा हिशेब मनात पक्का बसतो आणि तिथेच घोटाळा होतो. विमानाचे गेट सहसा सुटण्याच्या १५ ते २० मिनिटे आधी बंद होते, म्हणजे ३.५५ नंतर तुम्हाला आत घेतीलच असे नाही. बॅगा नव्याने द्यायच्या असतील तर मर्यादा त्याहूनही अलीकडची असते, कारण सामान स्वीकारण्याचे काउंटर बहुतेक ठिकाणी ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होते. याचा अर्थ सव्वातीन ते साडेतीनच्या दरम्यान बॅगा काउंटरवर पोहोचल्या पाहिजेत. कागदावरचे २ तास १० मिनिटे आता ७० ते ८५ मिनिटांवर आले, आणि त्यात विमानातून बाहेर पडणे, लांबलचक मार्गिका, इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा व कस्टम्स एवढे सगळे बसवायचे आहे. मोठ्या विमानात मागच्या ओळींत बसलेल्या कुटुंबाला नुसते दारापर्यंत यायलाच १५ ते २० मिनिटे सहज लागतात.

माझ्या मते लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असताना, आणि वाटेत बॅगा घेऊन पुन्हा द्यायच्या असताना, तीन तासांपेक्षा कमी अंतराचे तिकीट घेऊच नये. साडेतीन ते चार तास असतील तर उत्तम. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढचे विमान त्या मार्गावरचे त्या दिवसाचे शेवटचे नसावे. थोडे महाग पडले तरी मागे आणखी एक-दोन विमाने असलेली वेळ निवडावी.

दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात म्हणून घेणे

आंतरराष्ट्रीय प्रवास एका कंपनीचा आणि देशांतर्गत प्रवास दुसऱ्या कंपनीचा, असे वेगवेगळ्या पीएनआरवर आरक्षण केले की काही पैसे वाचतात, मात्र सगळी जोखीम तुमच्यावर येते. पहिले विमान उशिरा पोहोचले म्हणून दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही न आलेले प्रवासी ठरता, आणि आयत्या वेळच्या दराने पाच तिकिटे काढताना आधी वाचलेले पैसे कुठल्या कुठे जातात. त्याच दुसऱ्या तिकिटावर परतीचा प्रवासही असेल, तर पहिला टप्पा न केल्यामुळे पुढचे सर्व टप्पे आपोआप रद्द होऊ शकतात. अशा वेळी विमान चुकणार हे दिसताच कंपनीला कळवणे अत्यावश्यक असते.

वेगळ्या तिकिटाची दुसरी अडचण वजनाची आहे. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर आंतरराष्ट्रीय टप्प्याची सामानमर्यादा सहसा शेवटच्या गावापर्यंत लागू राहते. वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर मात्र ती कित्येकदा माणशी १५ किलोच असते. प्रत्येकी २३ किलोच्या बॅगा घेऊन आलेले कुटुंब काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरत उभे राहते, आणि पैशांइतकाच तिथे जाणारा वेळही महाग पडतो. वेगळी तिकिटे घेणे भागच असेल, तर दोन्हींमध्ये एक रात्र मुक्काम ठेवावा.

टॅगवर शेवटचे गाव लिहिले आहे म्हणून बॅगा न उचलणे

ही चूक मी सर्वांत गंभीर मानतो. निघताना काउंटरवरचा कर्मचारी बॅगेवर शेवटच्या विमानतळाचे तीन अक्षरी संकेतचिन्ह असलेला टॅग लावतो, आणि आता बॅगा थेट तिथेच मिळणार अशी आपली समजूत होते. ती काही देशांत बरोबर असते, काही देशांत साफ चुकीची.

अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता, तिथेच बॅगा पट्ट्यावरून घ्याव्या लागतात, कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि लगेच बाहेर असलेल्या ट्रान्सफर पट्ट्यावर पुन्हा सोडाव्या लागतात. टॅगवर शेवटचे शहर लिहिलेले असले तरीही हेच करावे लागते, आणि याला अपवाद मोजकेच आहेत. त्यांपैकी महत्त्वाचा अपवाद म्हणजे डब्लिन, शॅनन, अबू धाबी आणि कॅनडातील बहुतेक मोठे विमानतळ. तिथे अमेरिकेचे इमिग्रेशन व कस्टम्स निघण्यापूर्वीच पार पडते, त्यामुळे अमेरिकेत पोहोचल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखेच बाहेर पडता. याउलट शेंगेन देशांत (आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांत) पासपोर्टची तपासणी पहिल्या विमानतळावर होते, पण एकाच तिकिटावरचे सामान सहसा थेट शेवटच्या विमानतळावर मिळते. भारतात आणि जपानमध्ये उतरून देशांतर्गत विमान घेताना सामान पहिल्याच विमानतळावर घ्यावे लागेल असे धरून चालावे.

म्हणून पहिल्या विमानतळावर चेक-इन करतानाच कर्मचाऱ्याला थेट विचारावे, "या बॅगा मला मध्ये कुठे उचलाव्या लागतील का, आणि उचलल्या तर पुन्हा कुठे द्यायच्या?" दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. टॅग आधीच लावलेला असेल, तर बॅगा कस्टम्सच्या बाहेरच्या पट्ट्यावर सोडायच्या असतात आणि तिथे दोन मिनिटांत काम होते. हे ठाऊक नसलेली माणसे ट्रॉली ढकलत तिकीट काउंटरच्या मुख्य दालनात जातात आणि नव्या रांगेत उभी राहतात.

पट्ट्याजवळ सगळ्यांनी गर्दी करण्यात काही अर्थ नसतो. एका मोठ्या माणसाने बॅगा उतरवाव्यात आणि दुसऱ्याने मुलांना घेऊन स्वच्छतागृह उरकावे व पाण्याच्या बाटल्या रिकाम्या कराव्यात. सर्व बॅगांना एकाच ठळक रंगाची फीत बांधलेली असेल तर शोधण्यातला वेळ वाचतो. बाबागाडीबद्दल मात्र आधीच चौकशी करावी. ती विमानाच्या दारात दिली असली तरी लांबच्या प्रवासानंतर दारातच परत मिळेल याची खात्री नसते, पुष्कळदा ती सामानाच्या पट्ट्यावरच येते. दाराशी दहा मिनिटे तिची वाट पाहत थांबणे म्हणजे इमिग्रेशनच्या रांगेत दोन-तीनशे माणसे पुढे जाऊ देणे होय. मूल उचलून घेण्याची पट्टी हाताशी असेल तर ही वेळ येत नाही.

एकाच शहरातले दोन विमानतळ

टोकियोत नारिता आणि हानेदा, सोलमध्ये इंचॉन आणि गिंपो, न्यूयॉर्कमध्ये जेएफके आणि लाग्वार्डिया, शांघायमध्ये पुडोंग आणि होंगछ्याओ हे वेगवेगळे विमानतळ आहेत. तिकीट शोधणारी संकेतस्थळे उतरणे एकीकडे आणि चढणे दुसरीकडे अशीही जोडणी दाखवतात, आणि शहराचे नाव एकच असल्याने ते डोळ्यांतून सुटते. शहराच्या नावावर न जाता तीन अक्षरी संकेतचिन्हे दोन्हीकडे सारखी आहेत ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. टर्मिनल वेगळे असेल तर तिथवर पोहोचवणारी बस किंवा गाडी सुरक्षित क्षेत्राच्या आतून जाते की बाहेरून, हेही पाहावे, कारण बाहेरून जावे लागले तर सुरक्षा तपासणी पुन्हा होते.

उतरण्यापूर्वीचा तास झोपेत घालवणे

विमान खाली यायला लागले आणि पट्टे बांधायची सूचना झाली, की स्वच्छतागृहात जाता येत नाही. त्यानंतर धावपट्टीवर, दार उघडण्याची वाट पाहताना आणि इमिग्रेशनच्या रांगेत मिळून तासभर सहज जातो. म्हणून उतरण्याच्या साधारण पाऊण तास आधी मुलांना उठवावे, लंगोट बदलावा, बूट घालावेत, वरच्या कप्प्यातल्या पिशव्या एकत्र कराव्यात आणि पासपोर्ट एकाच माणसाकडे, रांगेतल्या क्रमाने लावून ठेवावेत. मूल सात-आठ तासांच्या झोपेतून अर्धवट उठलेले असेल तर त्याला तेवढा वेळ लागतोच. तो खुर्चीत देणे सोपे, मार्गिकेत देणे अवघड.

याच वेळी कर्मचाऱ्यांना पुढच्या विमानाची वेळ शांतपणे सांगावी. पुढे रिकाम्या जागा असतील तर काही वेळा ते उतरण्यापुरते पुढे बसवतात, किंवा दाराशी कंपनीचा विमानतळावरचा कर्मचारी उभा असणार आहे का ते सांगतात.

घरातील वयस्कर माणसासाठी व्हीलचेअर मागितली असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्हीलचेअरचे प्रवासी बहुधा सर्वांत शेवटी उतरवले जातात, पण पुढच्या रांगांमध्ये त्यांना वेगळा मार्ग मिळतो आणि सोबतच्या कुटुंबालाही अनेकदा त्याच मार्गाने सोडतात. सुरुवातीला गेलेली १५ मिनिटे इमिग्रेशनमध्ये भरून निघतात, तेव्हा उरलेल्यांनी पुढे धावून वेगळी रांग धरू नये. मागणी मात्र किमान ४८ तास आधी नोंदवलेली असावी.

इमिग्रेशनमध्ये विखुरणे

ऑनलाइन भरण्याचे अर्ज घरूनच भरून त्यांचे पडद्यावरचे चित्र फोनमध्ये जपून ठेवावे, कारण उतरल्यावर नेटवर्क मिळेलच असे नाही. लहान मुलांचे अर्ज राहून जातात. प्रत्येक पासपोर्टमागे एक अर्ज, असे मोजून घ्यावे. स्वयंचलित फाटकांना सहसा वयाची अट असते, म्हणून मोठ्यांनी तिकडून पटकन पार व्हायचे आणि मुले अलीकडे राहायची, असा प्रसंग ओढवून घेऊ नये. कुटुंबातले पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असतील तर रांगेच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला विचारूनच रांग धरावी. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत बाहेरच्या देशांतील नागरिकांचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. १२ वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. पहिल्या नोंदणीला वेळ जास्त लागतो, त्यामुळे तिथला थांबा ठरवताना तो धरावाच.

दुसऱ्या सुरक्षा तपासणीत अडकणे

आधीच्या विमानतळावर करमुक्त दुकानातून घेतलेली अत्तरे आणि बाटल्या १०० मिलिलिटरहून मोठ्या असतील, तर पुढच्या तपासणीत त्या काढून घेतल्या जाऊ शकतात. बॅगा मध्ये उचलाव्या लागतात याचा इथे एक फायदा आहे: पुन्हा सोडण्यापूर्वी त्या बाटल्या मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवता येतात. घाईत उलट चूक होऊ देऊ नये. पॉवर बँक मोठ्या बॅगेत कधीही टाकायची नसते, ती हातातच हवी. बाळाचे दूध आणि औषधे यांना बहुतेक ठिकाणी सूट असते, पण ती वेगळी काढून आपणहून दाखवावी लागतात.

विमान चुकल्यावर किंवा चुकणार असे दिसल्यावर

पहिले विमान बरेच उशिरा उतरले असेल तर धावायला लागण्यापूर्वी कंपनीचे ॲप पाहावे. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर पुष्कळदा तुम्ही हवेत असतानाच कंपनीने तुम्हाला पुढच्या विमानात टाकलेले असते, आणि मुलांना ओढत ज्या गेटकडे आपण निघालो आहोत तिथे आपली जागाच उरलेली नसते. तसे नसेल तर एकाने ट्रान्सफर काउंटरच्या रांगेत उभे राहावे आणि दुसऱ्याने त्याच वेळी फोन लावावा. जे आधी लागेल ते घ्यावे. नवे तिकीट स्वतःहून विकत घेण्याची घाई मात्र करू नये.

नवे आरक्षण पाहताना सगळ्यांची नावे एकाच विमानात आहेत का, ते स्वतः वाचावे, कारण जागा कमी असल्या की प्रणाली कुटुंबाची विभागणी करते. विभागून जाणे भागच पडले तर कोणती मुले कोणाबरोबर हे तुम्ही सांगावे, आणि प्रत्येक गटाकडे आपापले पासपोर्ट, औषधे, एक चार्जर व थोडे पैसे आहेत हे पाहावे. मुक्काम करावा लागला तर जेवणाची आणि राहण्याची सोय कंपनी देते का हे विचारावे. एका तिकिटावर उशीर कंपनीच्या कारणाने झाला असेल तर ती पुष्कळदा मिळते. बॅगा पुढे निघून गेल्या असतील, म्हणून मुलांचा एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवाच.

शेवटच्या विमानतळावर एखादी बॅग आलीच नाही, तर बाहेर पडण्यापूर्वी सामान काउंटरवर लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची तक्रार बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. या नोंदीसाठी टॅगच्या चिठ्ठ्या लागतात, आणि चेक-इनच्या वेळी साऱ्या कुटुंबाच्या चिठ्ठ्या बहुधा एकाच माणसाच्या बोर्डिंग पासवर चिकटवलेल्या असतात. त्यांचे छायाचित्र निघतानाच दोघांच्या फोनमध्ये घेऊन ठेवावे, म्हणजे तो माणूस दुसऱ्या विमानाने आला तरी काउंटरवर काम अडत नाही.