नफा 6 लाख, खात्यात 50 हजार: हळदीच्या धंद्याचा कॅश फ्लो कसा वाचायचा

नफा-तोटा पत्रक सांगते 6 लाख कमावले, पासबुक सांगते 50 हजार उरले. दोन्ही आकडे खरे असतात. मधले 5 लाख 50 हजार कुठे आहेत, एवढेच कॅश फ्लो पत्रक सांगते. प्रोप्रायटर फर्मला ते कायद्याने बंधनकारक नाही, छोट्या कंपनीलाही सूट आहे. त्यामुळे सी.ए. ते आपणहून देतीलच असे नाही. मागून घ्या, नाहीतर स्वतः बनवा. कामाचे दोन तास लागतात.

हाताशी तीन कागद हवेत: मागच्या 31 मार्चचा ताळेबंद, यंदाचा ताळेबंद आणि यंदाचे नफा-तोटा पत्रक. सांगलीत हळद पावडर करणारे एक छोटे युनिट धरू. विक्री 73 लाख, विकलेल्या मालाचा खर्च 54 लाख 75 हजार. आकडे उदाहरणापुरते आहेत.

धंद्यातून आलेला पैसा:
नफा 6,00,000
अधिक घसारा 1,50,000 (यंत्र झिजल्याचा कागदावरचा खर्च, पैसा बाहेर गेलेला नाही)
अधिक व्याज 2,40,000 (नफ्यातून आधीच वजा झालेले, खाली कर्जाच्या गटात धरले आहे)
वजा वाढलेला साठा 5,00,000 (13 लाखांवरून 18 लाख)
वजा वाढलेली येणी 4,20,000 (8 लाखांवरून 12 लाख 20 हजार)
अधिक वाढलेली देणी 1,30,000 (1 लाख 70 हजारांवरून 3 लाख)
एकूण: 2,00,000

यंत्रात गेलेला पैसा: नवा पल्व्हरायझर (हळद दळायचे यंत्र) 3,50,000

कर्ज आणि मालक:
सी.सी. खात्यातून (कॅश क्रेडिट, ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलायचे बँक कर्ज) वाढीव उचल 6,00,000
वजा मुदत कर्जाची मुद्दल 1,20,000
वजा व्याज 2,40,000
वजा मालकाची घरखर्चाची उचल 3,00,000
एकूण: उणे 60,000

2,00,000 वजा 3,50,000 वजा 60,000, म्हणजे वर्षात 2,10,000 कमी झाले. सुरुवातीची शिल्लक 2,60,000 होती, राहिले 50,000. हा शेवटचा आकडा रोख वहीतली आणि बँकेतली शिल्लक मिळून जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर बहुधा चार ठिकाणी घोळ असतो: कर्जाचा पूर्ण हप्ता व्याज म्हणून खर्चात टाकलेला, पुढच्या तारखेचे चेक रोख धरलेले, मालकाने घरून घातलेले पैसे विक्रीत जमा केलेले, किंवा सी.सी.ची न वापरलेली मर्यादा शिल्लक म्हणून धरलेली. मर्यादा म्हणजे कर्ज काढायची परवानगी, पैसा नव्हे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला कॅश फ्लो रिपोर्ट महिनावार आवक-जावक देतो, पण वरच्या तीन गटांत वाटणी आपल्यालाच करावी लागते.

आता वाचायचे कसे? आधी पहिल्या गटाचा एकूण आकडा पाहा. 2 लाख आले आणि एकट्या व्याज-मुद्दलीला 3 लाख 60 हजार लागले. म्हणजे घरखर्च आणि यंत्र दोन्ही सी.सी.वर चालले. सी.सी. माल भरण्यासाठी असते. माल विकला की ती खाली यायला हवी. पल्व्हरायझर पाच वर्षांत पैसे फेडणार, त्याचा पैसा सी.सी.तून काढला की ऐन हंगामात हळद घ्यायला मर्यादा उरत नाही. या उदाहरणातली सगळ्यात महाग चूक हीच. यंत्राला मुदत कर्ज घ्या, व्याजदर थोडा जास्त पडला तरी.

साठ्याच्या 5 लाखांवर मात्र लगेच घाबरू नका. हळदीची आवक फेब्रुवारी ते मे जोरात असते आणि 31 मार्च बरोबर त्यात येतो. पंधरा दिवस आधी खरेदी केली तरी पत्रकात साठा फुगलेला दिसतो. म्हणून मार्चची तुलना मार्चशीच करा आणि क्विंटलही लिहा. क्विंटल तेवढेच आणि रुपये वाढले असतील तर भाव चढला आहे. क्विंटल वाढले असतील तर खरेदी जास्त झाली आहे. उलटही घडते: साठा विकून संपवला, आडत्याचे पैसे थकवले, की त्या वर्षीचा कॅश फ्लो झकास दिसतो. तो पुढच्या हंगामात वसूल होतो. उशिरा पैसे देणाऱ्याला सौद्यात चांगला माल त्याच भावाने मिळत नाही.

येणी हे खरे दुखणे. 12 लाख 20 हजार भागिले 73 लाख गुणिले 365, म्हणजे 61 दिवस. गेल्या मार्चचा आकडा यंदाच्याच विक्रीवर काढला तर 40. (येण्यांत जीएसटी असतो, विक्रीत नसतो, 5 टक्क्यांच्या मालात फरक किरकोळ, 18 टक्क्यांच्या मालात तो काढून टाकून मोजा.) साठा त्याच पद्धतीने, पण विक्रीऐवजी विकलेल्या मालाच्या खर्चाने भागून, 120 दिवस, देणी तशीच ढोबळ 20. 120 अधिक 61 वजा 20, म्हणजे हळदीत घातलेला रुपया 161 दिवसांनी परत येतो. रोजची विक्री 20 हजार आहे. येणी 61 वरून 46 दिवसांवर आणली की 3 लाख मोकळे होतात, 11 टक्के दराने वर्षाचे 33 हजार व्याज वाचते. शिवाय जीएसटी बिल फाडल्यावर भरावा लागतो, गिऱ्हाईकाने पैसे दिले की नाही हे कोणी विचारत नाही. आणि बहुतेक बँका 90 दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये (साठा आणि येणी पाहून सी.सी.तून जितके उचलता येते ती रक्कम) धरत नाहीत. जुनी उधारी अशी दुहेरी मारते.

वसुलीसाठी येणी 0-30, 31-60, 61-90 आणि 90 च्या वर अशी दर सोमवारी काढा. 60 ओलांडलेल्याला नवा माल रोखीनेच. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल तर नंबर बिलावर छापा. एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढची मुदत चालत नाही, करार नसेल तर 15 दिवस. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिनावार चक्रवाढ व्याज लागते. 2024-25 या कर निर्धारण वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला, प्रत्यक्ष देईपर्यंत, आयकरात खर्च म्हणून मिळत नाही. त्याच्या अकाउंटंटला मार्चच्या पहिल्या आठवड्यात हे आठवण करून देणे नोटिशीपेक्षा लवकर काम करते. निव्वळ व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही.

वर्षाचे पत्रक झाल्यावर पुढच्या बारा महिन्यांचे मांडा, प्रत्येक महिन्याला एक रकाना. विक्री नव्हे, वसुली लिहा: 61 दिवसांची उधारी असेल तर मार्चचा माल मेच्या रकान्यात. जीएसटी, पगार, वीज, हप्ते, घरउचल ज्या महिन्यात जातात तिथेच टाका. या धंद्यात सगळ्यात खोल खड्डा एप्रिल-मेमध्ये पडण्याची शक्यता जास्त, कारण खरेदी संपत आलेली आणि पावडर अजून विकायची असते. तो खड्डा सी.सी. मर्यादेपेक्षा मोठा दिसला तर डिसेंबरातच बँकेकडे हंगामी वाढीव मर्यादा मागा आणि हेच पत्रक सोबत जोडा. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेवर विसंबू नका, ती शेतकऱ्यांसाठी आहे. व्यापाऱ्याचा माल तीत घेत नाहीत. बँकेने नकार दिला, तर खड्डा मर्यादेत बसेल इतके क्विंटल खरेदीतून आधीच कमी करा.